शिफारसपत्राचा हिशेब

एखादा आमदार, नगरसेवक किंवा जिल्हा परिषदेचा सदस्य माणूस म्हणून चांगला आहे असे आपल्याकडे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा त्या चांगुलपणाचा दाखला म्हणून बहुधा एखाद्या दुखण्याचीच हकीगत पुढे येते. कुणाच्या वडिलांसाठी त्याने मध्यरात्री फोन करून मुंबईत खाट मिळवून दिलेली असते, कुणाच्या तान्ह्या मुलाच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी मुख्यमंत्री सहायता निधीतून रक्कम मंजूर करून आणलेली असते, तर कुणाचे न पेलणारे बिल रुग्णालयाच्या चालकांशी बोलून निम्म्यावर आणलेले असते. या हकीगती खऱ्या असतात, त्या सांगणाऱ्याचा कंठ दाटून येतो, आणि ज्याने ही कामे केली त्याने ती पुष्कळदा मनापासून केलेली असतात. त्यामुळेच त्यांवरून काढला जाणारा निष्कर्ष तपासून पाहावा असे कुणाच्या मनात येत नाही.

तो निष्कर्ष असा की, आरोग्यसेवा सर्वांना मिळावी म्हणून झटणारा लोकप्रतिनिधी म्हणजे रुग्णांना मदत मिळवून देणारा लोकप्रतिनिधी. हे मत मला उथळ वाटते. शिफारसीने चालणारी रुग्णसेवा कितीही सद्भावनेने केलेली असली तरी तिने आरोग्यसेवा सुलभ होत नाही. जी सेवा मुळात अपुरी आहे तिची वाटणी तेवढी बदलते, आणि ती बदलताना एक हक्क हळूहळू मेहेरबानीत रूपांतरित होतो. स्थानिक राजकारणी पुरुषाला किंवा स्त्रीला या क्षेत्रात जे खरोखर करता येण्यासारखे आहे ते रिक्त पदे, औषधांचा साठा, दवाखान्याची वेळ आणि अंदाजपत्रकातील तरतूद अशा रूक्ष बाबींत दडलेले आहे. आणि ज्या रुग्णाला आपल्या प्रतिनिधीचे नावसुद्धा ठाऊक नसताना वेळेवर उपचार मिळाले, तोच त्याच्या कार्याचा खरा साक्षीदार आहे, असे प्रतिपादन मी येथे करणार आहे.

१. शिफारस खाट निर्माण करीत नाही

प्रथम एक साधे अंकगणित मांडतो. एखाद्या सार्वजनिक रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात वीस खाटा आहेत आणि त्या वीसही भरलेल्या आहेत, असे समजू. एकविसाव्या रुग्णाचे नातेवाईक लोकप्रतिनिधीचे पत्र घेऊन येतात, किंवा त्याचा फोन थेट अधिष्ठात्यांकडे जातो, आणि थोड्या वेळाने त्या रुग्णाला खाट मिळते. ती आली कोठून? ज्याला आणखी दोन दिवस तेथे ठेवावयाचे होते अशा कुणाला तरी साधारण कक्षात हलविले गेले, किंवा जी खाट रिकामी होताच बाहेरच्या व्हरांड्यात वाट पाहणाऱ्या दुसऱ्या कुणाला मिळावयाची होती ती याला मिळाली, याखेरीज तिसरा मार्ग संभवत नाही. आपण ज्याला वाचविले तो रुग्ण लोकप्रतिनिधीला दिसतो. ज्याचा क्रम मागे गेला तो त्याला दिसत नाही, आणि आपला क्रम मागे का गेला हे त्या माणसालाही कधी कळत नाही. एका बाजूची कृतज्ञता शब्दांत प्रकट होते आणि दुसऱ्या बाजूची हानी मुकी राहते, म्हणून या व्यवहाराच्या वहीत नेहमी जमेची बाजूच भरलेली दिसते.

कुणाला आधी तपासावे याविषयी वैद्यकशास्त्राचा स्वतःचा एक निकष आहे: ज्याच्या प्राणाला अधिक धोका, त्याचा क्रम आधी. शिफारस या निकषाला बाजूस सारून त्याच्या जागी ओळखीचा निकष बसविते. याचा परिणाम केवळ त्या एका दिवसापुरता राहत नाही. अपघात विभागात रात्रभर उभा असलेला निवासी डॉक्टर, ज्याची सारी शिकवण रुग्णाच्या अवस्थेवरून निर्णय घेण्याची आहे, तो कालांतराने रुग्णामागे कोण उभे आहे याचाही अंदाज घेऊ लागतो. आणि ज्याच्यामागे कुणीच नाही त्याच्या बाबतीत उशीर झाला तरी जाब विचारणारा कुणी नाही, ही जाणीव त्या संस्थेच्या अंगवळणी पडते. एखाद्या रुग्णालयाची शिस्त मोडण्यास पैशाची लाच लागतेच असे नाही, सत्हेतूने केलेले पन्नास फोनही ती मोडण्यास पुरेसे होतात.

२. पत्रापर्यंत कोण पोहोचतो

यावर कुणी म्हणेल की, ओळखीने का होईना, गरिबाला मदत तर होते. परंतु ती कोणत्या गरिबाला होते, हे पाहिले पाहिजे. वेल्समधील ग्लिनकोरुग या खाणकामगारांच्या खेड्यात दवाखाना चालविणारे डॉ. ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक नियम मांडला. चांगली वैद्यकीय सेवा आणि तिची गरज यांचे प्रमाण व्यस्त असते, म्हणजे जेथे गरज सर्वाधिक तेथे सेवा सर्वांत तोकडी, आणि बाजाराचे बळ जितके मोकळे सोडावे तितके हे व्यस्त प्रमाण तीव्र होत जाते, असा त्या नियमाचा आशय आहे. त्यांच्यासमोर बाजार होता. आपल्याकडील शिफारसीच्या बळालाही हा नियम तंतोतंत लागू पडतो.

पत्र मिळविण्यासाठी काय लागते ते पाहा. प्रतिनिधीच्या कार्यालयापर्यंत जाण्याचे एसटीचे भाडे लागते, एका दिवसाची मजुरी बुडविण्याची ऐपत लागते, आत शिरण्यासाठी एखादा कार्यकर्ता ओळखीचा असावा लागतो. त्याशिवाय रेशनकार्ड, तहसील कचेरीतून आणलेला उत्पन्नाचा दाखला आणि रुग्णालयाने दिलेले खर्चाचे अंदाजपत्रक एवढी कागदपत्रे जवळ हवीत, आणि आपले म्हणणे मराठीत मांडता आले पाहिजे. नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरांतील पावरी किंवा भिल्ली बोलणारे कुटुंब, अथवा गडचिरोलीच्या भामरागड-एटापल्ली भागातील माडिया कुटुंब या पायऱ्यांपैकी पहिल्याच पायरीवर थांबते. बाळंतपणात रक्तस्राव सुरू झालेल्या स्त्रीजवळ तर दाखल्याची वाट पाहण्याइतका वेळच नसतो. तिच्या दृष्टीने पत्र ही वस्तू अस्तित्वातच नाही. म्हणजे शिफारसीचा लाभ गरिबांतील त्यातल्या त्यात सबळांना होतो, आणि सर्वांत निर्बळ माणूस त्या कक्षेबाहेर राहतो.

३. हक्काची मेहेरबानी कशी होते

या देशात आरोग्यसेवेविषयी तत्त्वाचा अभाव आहे असे म्हणता येत नाही. १९४३ साली नेमलेल्या आणि १९४६ साली अहवाल सादर करणाऱ्या भोर समितीने, पैसे देण्याची शक्ती नाही या कारणास्तव कुणीही योग्य उपचारापासून वंचित राहता कामा नये, हे आपल्या योजनेचे अधिष्ठान मानले होते, आणि प्राथमिक आरोग्य केंद्राची आपली कल्पना तेथूनच आली. पुढे १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगालमधील खेतमजूर समितीच्या खटल्यात हेच तत्त्व घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदाशी जोडले. आगगाडीतून पडून डोक्याला गंभीर इजा झालेल्या एका मजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही म्हणून परत पाठविले होते आणि अखेर खाजगी रुग्णालयात स्वतःच्या खर्चाने उपचार घेण्याची पाळी त्याच्यावर आली होती. वेळेवर उपचार न देणे हे जीविताच्या हक्काचे उल्लंघन आहे, आणि पैशाची टंचाई ही या घटनादत्त कर्तव्यातून सुटण्याची सबब होऊ शकत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. त्या मजुराच्या बाजूने कुणाचे पत्र नव्हते, आणि न्यायालयाने तसे पत्र असावयास हवे होते असेही म्हटले नाही.

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवावयाच्या आहेत, आणि त्यासाठी एकूण बिलाच्या रकमेतून दोन टक्के वेगळे काढून निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाचे आहेत. करसवलत, जमीन आणि चटईक्षेत्र यांचा लाभ घेतलेल्या संस्थेवरचे हे कायदेशीर दायित्व आहे, त्यात दानाचा अंश नाही. तरीही व्यवहारात काय घडते? राखीव खाट आहे की नाही हे रुग्णाला समजत नाही, विचारले तर भरली आहे असे उत्तर मिळते, आणि प्रतिनिधीचा फोन येताच तीच खाट रिकामी असल्याचे आढळते. त्या क्षणी रुग्णाच्या मनात जी कृतज्ञता निर्माण होते ती कायद्याविषयी नसते, फोन करणाऱ्याविषयी असते. हक्क ज्याचा त्यालाच दिला गेला, आणि तरीही देणारा दाता ठरला! माझ्या मते हीच या पद्धतीची सर्वांत गंभीर हानी होय. ज्या समाजात नागरिक आपला हक्क उपकार म्हणून स्वीकारावयास शिकतो, त्या समाजात तो हक्क नाकारला गेल्यावर संताप येत नाही. आपली ओळख कमी पडली एवढीच खंत वाटते.

राज्य सरकारने १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील तपासणी व उपचार निःशुल्क केले, हे पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु केसपेपरचे पैसे माफ झाल्याने डॉक्टरची रिकामी खुर्ची भरत नाही, आणि औषध बाहेरून विकत आणण्याची चिठ्ठी हाती पडली की निःशुल्क या शब्दाचा अर्थ दवाखान्याच्या फाटकापर्यंतच उरतो.

४. शिबिरे आणि रुग्णवाहिका

आरोग्य शिबिरांविषयी मी थोडक्यात लिहितो. मोतीबिंदूसारख्या, एकदा शस्त्रक्रिया केली की बव्हंशी मार्गी लागणाऱ्या विकारात शिबिराचा उपयोग निर्विवाद आहे आणि त्याची टवाळी करणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु आज आपल्या गावांत ठाण मांडून बसलेले मधुमेह आणि रक्तदाब हे विकार एका दिवसाचे पाहुणे नव्हेत. शिबिरात रक्तदाब वाढलेला आढळला, एका आठवड्याच्या गोळ्या दिल्या आणि मांडव उतरला, तर आठव्या दिवशी त्या माणसाने कोठे जावे? त्याला दर महिन्याला त्याच गोळ्या, त्याच ठिकाणी, त्याच्या सवडीच्या वेळी मिळाल्या पाहिजेत; आणि ते काम उपकेंद्राचे आहे. प्रतिनिधीच्या छायाचित्रासह धावणाऱ्या रुग्णवाहिकेचेही असेच आहे. ती रुग्णाला जेथे नेते तेथे भूलतज्ज्ञ नसेल, तर तिने केवळ मृत्यूचे ठिकाण बदलले.

५. ट्रेडीगरची समिती

स्थानिक राजकारणातून सर्वांसाठी आरोग्यसेवा कशी उभी राहते याचे जे उदाहरण मला सर्वांत बोधप्रद वाटते ते वेल्समधील ट्रेडीगर या कोळशाच्या गावचे आहे. तेथील कामगारांनी १८९० साली एक वैद्यकीय साहाय्य संस्था स्थापन केली होती. आपल्या पगारातून पौंडामागे काही पेनी द्यावयाचे, त्यातून डॉक्टर नेमावयाचे, आणि वर्गणीदाराच्या कुटुंबाला तपासणी आणि औषध यांसाठी वेगळा पैसा मोजावा लागू द्यावयाचा नाही, अशी तिची रीत होती. कालांतराने गावातील बहुतेक सर्व लोक तिच्या कक्षेत आले. 'सिटाडेल' ही प्रसिद्ध कादंबरी लिहिणारे ए. जे. क्रोनिन १९२० नंतरच्या काही वर्षांत याच गावात डॉक्टर होते.

त्या गावी १८९७ साली जन्मलेले आणि तेराव्या वर्षी खाणीत उतरलेले अन्यूरिन बेव्हन १९२२ साली तेथील नगर परिषदेवर निवडून गेले, आणि रुग्णालयाच्या समितीवर त्यांनी काम केले. हे काम कोणत्या स्वरूपाचे होते? कुणाला खाट द्यावी हे सांगण्याचे नव्हते. वर्गणीचा हिशेब कसा ठेवावा, डॉक्टरांचे वेतन काय असावे, कोणती सेवा कुणाला लागू व्हावी, याचे नियम ठरविण्याचे आणि ते सर्वांना सारखे लागू करण्याचे होते. १९२९ साली ते पार्लमेंटात गेले, १९४५ साली आरोग्यमंत्री झाले, आणि ५ जुलै १९४८ रोजी ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. त्याच वर्षी फेब्रुवारीत वैद्यक संघटनेने घेतलेल्या कौलात डॉक्टरांनी प्रचंड बहुमताने विरोध नोंदविला होता. काही तडजोडी करून, विशेषज्ञांना खाजगी व्यवसायाची मुभा ठेवून, बेव्हन यांनी तो ओलांडला. त्या तडजोडी मला आजही खटकतात. तरीपण ज्या तत्त्वावर त्यांनी तडजोड केली नाही ते तत्त्व, म्हणजे उपचाराच्या क्षणी रुग्णाकडून पैसा मागावयाचा नाही, हे त्यांना किती मोलाचे वाटत होते याचा पुरावा १९५१ साली मिळाला. दातांच्या कवळ्या आणि चष्मे यांवर शुल्क आकारण्याचा निर्णय त्यांच्याच पक्षाच्या सरकारने घेतला, तेव्हा त्यांनी मंत्रिपद सोडले.

या इतिहासातील एक गोष्ट माझ्या प्रतिपादनाला वरवर पाहता प्रतिकूल आहे, म्हणून ती मुद्दाम नमूद करतो. मंत्री झाल्यावर बेव्हन यांनी अडीच हजारांहून अधिक रुग्णालये राष्ट्राच्या ताब्यात घेतली, आणि त्यांत नगरपालिकांची रुग्णालयेही होती. लंडनच्या स्थानिक कारभारात मुरलेले हर्बर्ट मॉरिसन यांनी मंत्रिमंडळात याला कसून विरोध केला. रुग्णालये स्थानिक प्रतिनिधींच्या हातीच राहावीत असे त्यांचे म्हणणे होते. स्थानिक समितीत घडलेल्या माणसानेच स्थानिक संस्थांची रुग्णालये काढून घ्यावीत, यात विसंगती नाही काय? मला ती वाटत नाही. गरीब गावाच्या महसुलातून चांगले रुग्णालय उभे राहू शकत नाही, आणि माणूस कोणत्या गावी जन्मला यावर त्याला कोणती शस्त्रक्रिया मिळावी हे ठरू नये, हे बेव्हन यांना ट्रेडीगरच्या समितीत बसूनच उमगले असले पाहिजे. ज्याने स्थानिक कारभाराचा हिशेब स्वतः तपासला आहे त्यालाच त्याची मर्यादा नेमकी दिसते.

६. आपल्या हाती काय आहे

महाराष्ट्रात जिल्हा परिषदांचा कायदा १९६१ चा असून १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. जिल्हा रुग्णालय आणि ग्रामीण रुग्णालय राज्य शासनाकडे, तर प्राथमिक आरोग्य केंद्र आणि उपकेंद्र जिल्हा परिषदेकडे, अशी कामाची विभागणी आहे. मैदानी प्रदेशात तीस हजार लोकसंख्येमागे आणि डोंगरी व आदिवासी प्रदेशात वीस हजारांमागे एक प्राथमिक केंद्र, तर उपकेंद्र अनुक्रमे पाच हजार आणि तीन हजारांमागे, हा मंजूर निकष आहे. म्हणजे आजारी माणसाच्या घराशी सर्वांत जवळचा जो सरकारी दरवाजा, तो स्थानिक प्रतिनिधींच्या कारभारात येतो. जिल्हा परिषदेची आरोग्य समिती आहे, केंद्राच्या पातळीवर रुग्ण कल्याण समिती आहे, गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती आहे. मुंबईत तर १८८८ च्या कायद्याने चालणाऱ्या महापालिकेने १९२६ साली परळला केईएम रुग्णालय उभे केले, आणि त्याच्याशी संलग्न वैद्यकीय महाविद्यालयासाठी देणगी देणाऱ्यांनी अध्यापक भारतीयच असावेत अशी अट घातली होती. आरोग्याच्या बाबतीत नगरसेवकांच्या सभागृहाचा हात किती दूर पोहोचू शकतो, याचा तो दाखला आजही परळला उभा आहे.

सदस्याने या समित्यांत बसून काय विचारावे? माझ्या गटातील केंद्रात वैद्यकीय अधिकाऱ्यांची मंजूर पदे किती, भरलेली किती, आणि भरलेल्यांपैकी किती जण प्रतिनियुक्तीवर अन्यत्र काम करीत आहेत. रक्तदाब, मधुमेह, श्वानदंश आणि सर्पदंश यांवरील औषधे गेल्या बारा महिन्यांत किती दिवस संपलेली होती. बाह्यरुग्ण विभाग सकाळीच आटोपत असेल तर मजुरीवर जाणाऱ्या माणसाने केव्हा यावे. मंजूर रकमेपैकी किती खर्च झाली, आणि मार्चअखेर किती घाईघाईने खर्ची टाकली गेली. या प्रश्नांना टाळ्या मिळत नाहीत, आणि ते विचारणाऱ्याची वर्तमानपत्रात छबी छापून येत नाही. परंतु यांतील एकाचे जरी उत्तर बदलले तरी शेकडो पत्रे लिहिण्याची गरज संपते.

हे कल्पनारंजन नव्हे. केरळात १९९६ साली सुरू झालेल्या लोकयोजना मोहिमेपासून राज्याच्या योजना-खर्चाचा मोठा हिस्सा पंचायतींच्या हाती सोपविला गेला आणि प्राथमिक केंद्रे त्यांच्या कारभाराखाली आली. २०१७ नंतर 'आर्द्रम' कार्यक्रमात जी केंद्रे कुटुंब आरोग्य केंद्रे झाली, तेथे अनेक पंचायतींनी स्वतःच्या निधीतून जादा डॉक्टर व कर्मचारी नेमून संध्याकाळपर्यंत बाह्यरुग्ण विभाग चालू ठेवला. मजूर कामावरून परतताना औषध घेऊन जाऊ लागला, एवढ्या एका बदलात कोणत्याही शिबिराहून अधिक आरोग्य आहे. आपल्या राज्यातही २००७ साली पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार आणि उस्मानाबाद (आजचे धाराशिव) या पाच जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. त्यात गावकऱ्यांनी आपल्या केंद्राचे गुणपत्रक तयार करावयाचे आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांनी त्याला उघड उत्तर द्यावयाचे, असा प्रघात पडला. तेथे बोलणाऱ्या स्त्रिया कुणाच्या शिफारसीने आलेल्या नव्हत्या.

या संदर्भात एक खंत नोंदविल्यावाचून राहवत नाही. २०२२ पासून राज्यातील अनेक महापालिका व जिल्हा परिषदा निवडणुकांअभावी वर्षानुवर्षे प्रशासकांच्या स्वाधीन राहिल्या. त्या काळात आरोग्य समिती नव्हती, तिचे सदस्य नव्हते, आणि म्हणून वर सांगितलेले प्रश्न विचारण्याची अधिकृत जागाही नव्हती. त्यावर लोकांत फारसा क्षोभ झाला नाही, याचे कारण मला असे दिसते की, प्रतिनिधीचे काम पत्र देणे हेच असेल तर पत्र देणारा कुणीतरी प्रत्येक गावात होताच.

७. काही आक्षेप

पहिला आक्षेप माणुसकीचा आहे, आणि तोच सर्वांत वजनदार आहे. दारात तडफडणारा रुग्ण उभा असताना त्याला व्यवस्थेचे तत्त्वज्ञान ऐकवावयाचे काय? मुळीच नाही. पत्र द्यावे, फोन करावा, रात्री उठावे लागले तर उठावे. माझे म्हणणे एवढेच की, पत्र दिल्याने काम पूर्ण झाले असे समजू नये. प्रत्येक पत्र हे कोठेतरी काहीतरी मोडल्याची वर्दी आहे, आणि ती वर्दी पुढे कोठे पोहोचविली, याचा जाब प्रतिनिधीने स्वतःस विचारला पाहिजे.

दुसरा आक्षेप विम्याचा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता पाच लाखांपर्यंतचे संरक्षण देते, मग सरकारी दवाखान्यांची एवढी चिंता का वाहावी? ही योजना २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि तिने असंख्य कुटुंबांना कर्जातून वाचविले, हे मी मानतो. परंतु ती मुख्यत्वे रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांची भरपाई करते. दर महिन्याची औषधे, साधी तपासणी आणि बाह्यरुग्ण विभागाचा खर्च, ज्यात गरिबाचा पैसा थेंबाथेंबाने झिरपतो, तो तिच्या कक्षेबाहेर राहतो. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मधील ६४.२ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. घट मोठी आहे, आणि उरलेला भारही लहान नाही. शिवाय विम्याचा पैसा जेथे रुग्णालय असेल तेथेच खर्च होऊ शकतो. भामरागडच्या माणसाच्या हाती पाच लाखांचे कार्ड दिल्याने भामरागडात शल्यविशारद अवतरत नाही.

तिसरा आक्षेप असा की, आरोग्य हा तज्ज्ञांचा विषय आहे, राजकारण्यांनी त्यात हात घालू नये. रोगाचे निदान आणि उपचार यांत घालू नये हे खरेच आहे. पण सेवा कुणाला, केव्हा आणि कोणत्या वागणुकीसह मिळावी हा निर्णय लोकांना उत्तरदायी असलेल्या कुणाच्या तरी हातीच असावा लागतो, आणि तो नसला की काय होते ते पुण्याने १८९७ साली पाहिले आहे. प्लेगचा बंदोबस्त हा हेतू योग्यच होता. परंतु लोकांना विश्वासात न घेता, लष्करी शिपाई घराघरांत घुसवून, तो हुकमाने राबविला गेला आणि त्याची परिणती २२ जूनच्या रात्री प्लेग अधिकारी रँड यांच्यावरील प्राणघातक हल्ल्यात झाली. त्याच शहरात, त्याच वर्षी, सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना स्वतः त्या रोगाला बळी पडल्या होत्या. रोगावर दोघांचाही रोख होता, पण रुग्ण लपविला गेला तो एकापासूनच.

चौथा आक्षेप मतांचा. भरलेले पद कुणाला दिसत नाही, पत्र दिसते. मग निवडून कसे यावे? हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही, कारण तो मांडणारे प्रामाणिक कार्यकर्ते मी पाहिले आहेत. तरीही त्यांनी मतदारांना फार कमी लेखले आहे असे मला वाटते. बेव्हन आपल्या मतदारसंघातून १९६० साली मृत्यू येईपर्यंत सतत निवडून येत राहिले. दवाखाना संध्याकाळीही उघडा असतो ही गोष्ट गावाला कळावयास फलक लावावा लागत नाही, आणि तो कुणामुळे उघडा राहिला हेही गाव विसरत नाही.

८. नोंदवही

प्रत्येक लोकप्रतिनिधीच्या कार्यालयात आज पत्रांची जावक नोंदवही असतेच. तीत रुग्णाचे नाव आणि रुग्णालयाचे नाव यांपुढे आणखी तीन रकाने आखावेत अशी माझी सूचना आहे. हा रुग्ण प्रथम कोणत्या सरकारी केंद्रात गेला होता. तेथे त्याचे काम का झाले नाही, डॉक्टर नव्हता, औषध नव्हते, यंत्र बंद होते की वेळ संपली होती. आणि त्या कारणाविषयी कोणाला कधी लिहिले. वर्षअखेर ही वही, रुग्णांची नावे झाकून, कारणवार बेरीज करून, जिल्हा परिषदेच्या आरोग्य समितीपुढे किंवा महापालिकेच्या सभागृहापुढे ठेवावी, आणि अंदाजपत्रक मंजूर होण्यापूर्वी ठेवावी, कारण तरतूद झाल्यानंतर केलेली चर्चा दप्तरातच राहते. धर्मादाय रुग्णालयात राखीव खाट नाकारल्याच्या नोंदी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे वेगळ्या पाठवाव्यात.

अशा वहीच्या पहिल्या वर्षीच्या बेरजेत, दोनशे पत्रांपैकी साठ पत्रे एकाच ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञ नसल्यामुळे आणि चाळीस पत्रे एकाच तालुक्यात सोनोग्राफीचे यंत्र चालविणारा कुणी नसल्यामुळे लिहावी लागली असे आढळले, तर ती दोन पदे भरून घेण्यासाठी सदस्याला दुसरा कोणताही युक्तिवाद लागणार नाही. संबंधित अधिकाऱ्यांनी दिलेले उत्तर त्याने इतिवृत्तात शब्दशः नोंदवून घ्यावे, त्यापुढे मुदतीची तारीख लिहून घ्यावी, आणि ती तारीख उलटल्यावर होणाऱ्या सभेत तोच विषय कार्यक्रमपत्रिकेवर पहिला यावा असा आग्रह धरावा.